कंडोम आणि गुप्तरोग : 2001 च्या अहवालाने काय सांगितलं होतं?

कंडोम गुप्तरोगांपासून कितपत वाचवतो, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. कुणी म्हणतं शंभर टक्के, कुणी म्हणतं काडीचा उपयोग नाही. यातल्या दुसऱ्या उत्तराला मोठं बळ मिळालं ते 2001 साली अमेरिकेत आलेल्या एका सरकारी अहवालामुळे. खरं तर अहवालात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

रोग टाळण्यासाठी आवरण वापरायची कल्पना चांगलीच जुनी आहे. गरमी (सिफिलिस) या गुप्तरोगाने युरोप हैराण झाला असताना इटलीतल्या फालोपियो या शरीरशास्त्रज्ञाने औषधी द्रावणात भिजवलेलं लिननचं फडकं सुचवलं होतं. अकराशे पुरुषांनी ते वापरलं आणि एकालाही लागण झाली नाही, हा त्याचा दावा 1564 मध्ये छापला गेला. आपल्याकडे मात्र 1968 साली सरकारने ‘निरोध’ आणला तो कुटुंबनियोजनासाठी. रोगापासून बचाव हा मुद्दा ठळक झाला तो एड्स आल्यावर.

एचआयव्हीबाबतचा भक्कम पुरावा 1994 मध्ये मिळाला. युरोपातल्या एका अभ्यासात जोडप्यांमधल्या एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. दर वेळी कंडोम वापरणारी 124 जोडपी होती. त्यांचे मिळून सुमारे 15,000 संबंध आले, तरी एकाही जोडीदाराला लागण झाली नाही. कधी वापरला, कधी नाही, अशांमध्ये मात्र नव्या लागणी होत राहिल्या.

बाकीच्या रोगांचं काय, हे तपासायला जून 2000 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांची बैठक झाली आणि वर्षभराने अहवाल आला. नियमित वापराने एचआयव्हीचा धोका सुमारे 85 टक्क्यांनी कमी होतो आणि पुरुषांना परमा (गनोरिया) होण्याचा धोकाही घटतो, एवढं त्यात ठामपणे सांगितलं होतं. क्लॅमिडिया (जिवाणूंमुळे होणारा गुप्तरोग), गरमी, हर्पिस (गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) यांबद्दल उपलब्ध अभ्यास पुरेसे नाहीत, असा शेरा होता. कंडोमच्या विरोधकांनी त्याचा अर्थ लावला, ‘कंडोम निरुपयोगी ठरला’. मला हे अक्षम्य वाटतं, कारण अभ्यास अपुरे का होते हे अहवालातच लिहिलं होतं.

ती कारणं समजून घेण्यासारखी आहेत. काहींना कंडोम द्यायचा आणि काहींना मुद्दाम द्यायचा नाही, असा प्रयोग कुणी करू शकत नाही. म्हणून लोकांना विचारावं लागतं, ‘नेहमी वापरता का?’ उत्तर ‘हो’ येतं. पण तो अर्ध्यातूनच चढवला होता का, फाटला का, निसटला का, हे बहुतेक अभ्यासांनी विचारलंच नव्हतं. शिवाय ज्याला जोडीदाराबद्दल शंका असते तोच कंडोम जास्त वापरतो. मग आकडे कंडोमच्याच विरोधात बोलू लागतात.

पुढच्या अभ्यासांनी हे दोष टाळले. 2006 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या, नुकतेच संबंध सुरू झालेल्या 82 विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दर दोन आठवड्यांनी आपापली नोंद ठेवली होती. ज्यांचे जोडीदार दर वेळी कंडोम वापरत, त्यांच्यात एचपीव्हीची लागण जवळपास कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा 70 टक्क्यांनी कमी निघाली. हर्पिसबाबत 2009 साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा नेहमी वापरणाऱ्यांचा धोका कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा 30 टक्के कमी दिसला.

85 आणि 30 यांतली तफावत मुख्यतः लागणीच्या वाटेमुळे पडते. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया हे वीर्य आणि योनीस्रावांतून पसरतात, आणि ते कंडोम अडवतो. हर्पिस, एचपीव्ही आणि गरमीचा व्रण कातडीच्या स्पर्शातून लागण करतात. जांघेत किंवा अंडकोशावर, म्हणजे कंडोमने न झाकलेल्या जागीही ते असू शकतात. म्हणूनच एचपीव्हीसाठी लस आणि गर्भाशयमुखाची तपासणी, तर गरमीसाठी वेळेवर रक्ततपासणी, ही कंडोमच्या जोडीला लागतेच.