टाळेबंदीत हाताचा व्यायाम

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतरचे पहिले तीन महिने फार मोलाचे. रक्तपुरवठा तुटून मेंदूतल्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी नव्या जोडण्या करून त्यांचं थोडंफार काम अंगावर घेतात, आणि त्यासाठी मेंदू याच काळात सर्वांत तयार असतो. पुढेही सुधारणा होते, पण मेहनत जास्त आणि फळ कमी. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा नुकताच झटका येऊन गेलेल्यांचे नेमके हेच महिने घरात अडकले.

‘व्यायाम घरच्यांनीच करून घ्या’ हा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला. वरवर पाहता शहाणपणाचाच. पण त्याची परीक्षा आपल्याच देशात आधी होऊन गेली होती. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. एका गटातल्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम करून घ्यायला शिकवलं, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच निघालं: ४७ टक्के. हा निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

घरच्यांची माया कमी पडली असं नाही. मला वाटतं, खरी मेख आवर्तनांत आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूची नवी जुळणी दिसते ती रोज शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतल्यावर. उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीत मात्र प्रत्यक्ष थेरपीच्या एका सत्रातही हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ च भरल्या होत्या. मग घरी काय होणार? वाटीतले वाटाणे चिमटीने उचलायला बसवलं, दहा-बारा झाले की बाबा वैतागतात, सुनेला कुकर बंद करायचा असतो, आणि चांगल्या हाताने वाटी बाजूला सरकवली जाते. दुबळा हात वापरायचाच नाही, ही सवय मेंदू फार लवकर शिकतो.

महासाथीच्या जेमतेम वर्षभर आधी, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या ११ केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १२४ रुग्णांना हाताच्या व्यायामाची प्रत्येकी ७० मिनिटांची ३६ सत्रं दिली. काहींना केंद्रात बोलावून, काहींना घरी संगणकावरचे खेळ आणि व्हिडिओ कॉल यांच्या मदतीने. घरी बसलेले मागे पडले नाहीत. पण त्यांच्या सत्रांचा हिशेब ठेवला जात होता, आणि निम्म्या सत्रांत थेरपिस्ट पडद्यावर हजर होता. ‘अटेंड’च्या शेजारी हा निकाल ठेवला की जागेपेक्षा मात्रा आणि देखरेख जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे ती देखरेख बहुतेकदा मोबाइलवरच आली. पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये फिजिओला अर्धा वेळ छताचा पंखाच दिसायचा. फोन बाजूने, खांद्याच्या उंचीवर धरला, तर हात उचलताना रुग्ण खांदा कानाकडे ओढतो की कमरेतून वाकतो, हे तरी कळतं. स्नायू किती ताठरलाय हे मात्र हात हातात घेऊनच समजतं. गिळताना ठसका लागत असेल, तर तीही कॉलवर उरकायची तपासणी नव्हे. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नये: स्नायूंचा आधार सुटलेला खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.