युवा धोरण अंमलात का येत नाही : पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी 1985 हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून पाळले आणि विकसनशील देशांत युवा धोरणे लिहिण्याला वेग आला. भारताचे पहिले राष्ट्रीय युवा धोरण 1988 मध्ये आले. पुढच्याच वर्षी मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. 1995 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक युवा कृती कार्यक्रम स्वीकारला, तर 2006 मध्ये आफ्रिकी संघाने युवा सनद मंजूर केली. म्हणजे कागदपत्रांची वानवा कधीच नव्हती.

युवा कोणाला म्हणायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत हे वय 15 ते 24, भारताच्या 2003 च्या धोरणात 13 ते 35, 2014 च्या धोरणात 15 ते 29 आणि महाराष्ट्राच्या 2012 च्या धोरणात पुन्हा 13 ते 35 आहे. आठवीतली मुलगी आणि दोन लेकरांचा बाप एकाच गटात धरले, तर नेमकी योजना आखणे अवघडच.

खरा अडसर पैशाचा आणि अधिकाराचा आहे. केंद्र सरकार तेव्हा युवकांवर वर्षाला 90,000 कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे दरडोई सुमारे 2,710 रुपये खर्च करत होते, असे 2014 च्या धोरणातच नमूद आहे; पण त्यात उच्च शिक्षण, कौशल्य, आरोग्य, इतकेच काय, अन्नधान्यावरील अनुदानही धरलेले आहे. हा पैसा इतर मंत्रालयांचा, आणि धोरण मात्र युवक खात्याचे.

नाशिकमध्ये जानेवारी 2024 मध्ये 27 वा राष्ट्रीय युवा महोत्सव भरला, तपोवन मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि तो ठरल्याप्रमाणे पार पडला, कारण महोत्सवाला तारीख, निधी आणि जबाबदार यंत्रणा असते. याच जिल्ह्यातल्या सुरगाणा या आदिवासी तालुक्यातल्या बारावी झालेल्या मुलीच्या वाट्याला तशी एकही यंत्रणा येत नाही. तिचे वसतिगृह आदिवासी विकास विभागाकडे, आयटीआयचा प्रवेश कौशल्य विकास विभागाकडे, जातीचा दाखला महसूल विभागाकडे आणि युवा पुरस्काराचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात, आणि घरातली तरुण मुलेही त्यांच्याबरोबर जातात. प्रशिक्षणाची तुकडी नेमकी त्याच महिन्यांत सुरू होणार असेल, तर ती पुढे ढकलण्याचा अधिकार युवा धोरण राबवणाऱ्या कार्यालयाच्या हाती नाही.