चर्चच्या कपाटातली रिळं आपोआप पेटत नाहीत

नाताळच्या साफसफाईत नागपुरातल्या सदरकडच्या एखाद्या जुन्या चर्चच्या कपाटातून येशूचरित्राची रिळं निघाली, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फेका ती, जुनी फिल्म आपोआप पेटते.’

पेटते ती नायट्रेट फिल्म. ती थिएटरच्या ३५ मिमी रिळांत असायची आणि १९५०च्या सुमारास बंद झाली. चर्चच्या हॉलमध्ये दाखवायचे ती बहुधा १६ मिमी. कोडॅकने ती १९२३ साली आणली, तीच मुळी ॲसिटेट या न भडकणाऱ्या प्लॅस्टिकवर. कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलंही दिसेल.

खरा वैरी आपला उन्हाळा. ४५ अंशांत, पत्र्याखालच्या माळ्यावर ॲसिटेट सडतं, व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, फिल्म आकसते. त्या वाफेने शेजारची रिळंही नासतात, म्हणून वासाचा डबा आधी वेगळा काढा. हौसेने प्रोजेक्टरवर तर चढवूच नका; आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांत फाटतात आणि कदाचित तीच शेवटची प्रत असते. डब्यावरचं नाव टिपा, रिळं थंड, कोरड्या खोलीत हलवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.