ईटन कॉलेज

ईटन कॉलेज : इंग्लंडमधील मुलांची एक प्राचीन निवासी शाळा. लंडनच्या पश्चिमेस सुमारे ३५ किमी. अंतरावर, थेम्स नदीच्या उत्तर तीरावर, पलीकडच्या विंझर किल्ल्याच्या सावलीत म्हणावे इतक्या जवळ ती वसली आहे. नावात ‘कॉलेज’ असले, तरी ती १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांची शाळाच होय. सनदेने बांधलेला व नेमून दिलेल्या मिळकतीवर चालणारा धार्मिक समुदाय, हा त्या शब्दाचा मध्ययुगीन अर्थ येथे टिकून राहिला आहे. इंग्लंडमध्ये अशा शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात आणि त्यामुळे मराठी वाचकाची गफलत होण्याचा संभव असतो. या शाळा सरकारी नसून खाजगी आहेत. विशिष्ट गावाच्या किंवा पंथाच्या मुलांपुरत्या त्या मर्यादित नव्हत्या, फी भरू शकणाऱ्या कोणालाही खुल्या होत्या, एवढ्याच अर्थाने त्यांना ‘पब्लिक’ हे विशेषण लागले. ईटनमध्ये आज सुमारे १,३०० विद्यार्थी आहेत आणि ते सर्व शाळेतच राहतात. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉलपोल यांच्यापासून बोरिस जॉन्सन यांच्यापर्यंत वीस पंतप्रधान या एकाच शाळेतून निघाले. ही शाळा मुळात गरीब मुलांसाठी काढण्यात आली होती, ही गोष्ट या कीर्तीपुढे झाकली जाते. परंतु ईटनच्या बहुतेक परंपरांचा उलगडा त्या मूळ हेतूपासूनच सुरू होतो.

राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ईटनची सनद दिली. हा राजा युद्धापेक्षा देवधर्मात आणि विद्येत रमणारा होता. सत्तर गरीब मुलांना राहणे, जेवण आणि लॅटिनचे शिक्षण फुकट मिळावे आणि येथून त्यांनी केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजात जावे, अशी त्याची योजना होती. किंग्ज कॉलेजही त्याने पुढच्याच वर्षी स्थापन केले. हा नमुना त्याने विंचेस्टर येथील १३८२ मध्ये स्थापन झालेल्या शाळेवरून घेतला आणि तेथील मुख्याध्यापक विल्यम वेनफ्लीट यांनाच ईटनला आणले. पुढे ते ईटनचे प्रोव्होस्ट, म्हणजे संस्थेचे प्रमुख झाले. यांखेरीज काही मोजक्या सधन मुलांनी आपल्या जेवणाखाण्याचा खर्च सोसून येथे शिकावे, अशीही मुभा नियमांत होती. त्या वेळी ही सवलत किरकोळ वाटली असेल, परंतु शाळेचे पुढचे सगळे भवितव्य तिच्यातच साठवलेले होते.

१४६१ मध्ये हेन्रीला पदच्युत करून चौथा एडवर्ड गादीवर आला. त्याने ईटनच्या देणग्या रद्द केल्या आणि मौल्यवान वस्तू नदीपलीकडे विंझरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये हलवल्या. शाळा कशीबशी तगली, मात्र तिच्या चॅपेलचे (प्रार्थनामंदिराचे) बांधकाम अपुरे राहिले. हेन्रीला एका कॅथीड्रलच्या तोलाची वास्तू उभारायची होती. आज दिसणारे उंच, भव्य चॅपेल हा त्या आराखड्यातील केवळ पुढचा भाग आहे. त्याच्या भिंतींवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्लेमिश शैलीतील अतिशय सुंदर चित्रे काढण्यात आली होती. धर्मसुधारणेनंतर, १५६० मध्ये, ती चुन्याखाली गेली आणि हे काम शाळेच्या न्हाव्याकडून करून घेतल्याची नोंद आहे. जवळजवळ तीनशे वर्षे ती कोणाला माहीत नव्हती. १८४७ मध्ये ती पुन्हा सापडली आणि विसाव्या शतकात स्वच्छ करण्यात आली. उत्तर युरोपातील त्या काळच्या भित्तिचित्रांत त्यांची गणना अग्रक्रमाने होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, पडलेल्या बॉम्बमुळे चॅपेलच्या बहुतेक काचा फुटल्या. पूर्वेकडील मोठी खिडकी त्यानंतर आयरिश चित्रकर्ती एव्ही होन यांनी रंगीत काचांत नव्याने घडवली.

सनदेतील सत्तर मुले आजही आहेत. त्यांना ‘किंग्ज स्कॉलर’ म्हणतात. दर वर्षी कठीण स्पर्धापरीक्षा घेऊन साधारण चौदा मुले निवडली जातात. ती ‘कॉलेज’ या मूळ वास्तूत राहतात आणि नेहमीच्या गणवेशावर काळा गाऊन घालतात. उरलेली सर्व मुले ‘ऑपिडन’. लॅटिनमध्ये ‘ऑपिडम’ म्हणजे नगर; आवारात जागा नसल्याने ही पैसे भरणारी मुले गावातल्या घरांत राहत, म्हणून ती ‘गावकरी’ ठरली. अशी घरे चालवणाऱ्या बायकांना ‘डेम’ म्हणत आणि आज प्रत्येक वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनाही तेच नाव आहे. वसतिगृहे, म्हणजे ‘हाउस’, चोवीस आहेत आणि कॉलेज धरून पंचवीस. सतराव्या-अठराव्या शतकांत सरदार-उमरावांनी मुले पाठवण्यास सुरुवात केल्यावर ऑपिडनांची संख्या वाढतच गेली. राजा तिसऱ्या जॉर्जला शाळेचा विशेष लोभ होता. त्याच्या काळात ईटन ही राज्यकर्त्या वर्गाची शाळा म्हणून पक्की झाली.

या वैभवाच्या दिवसांत मूळ सत्तरांचे मात्र हाल होते. ‘लाँग चेंबर’ नावाच्या एका लांबलचक दालनात पन्नासएक मुले रात्री कोंडली जात. थंडी, घाण, उंदीर आणि मोठ्यांकडून लहानांना होणारी मारहाण यांची वर्णने एकोणिसाव्या शतकातील आठवणींतून वारंवार येतात. हे हाल ऐकून पालक मुलांना पाठवीनात आणि फुकट शिक्षणाच्या जागाही रिकाम्या राहू लागल्या. १८४० च्या दशकात नवी इमारत उभी राहिली, तेव्हा ही स्थिती पालटली. शिक्षाही कठोर होत्या. १८०९ ते १८३४ या काळात मुख्याध्यापक असलेले जॉन कीट यांनी १८३२ मध्ये एकाच रात्री ऐंशीहून अधिक मुलांना छडीचे फटके दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. अखेर ईटन व इतर मोठ्या शाळांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी १८६१ मध्ये क्लॅरेंडन आयोग नेमण्यात आला. शाळेच्या मिळकतीचा मोठा वाटा विद्यार्थ्यांवर खर्च न होता व्यवस्थापकांच्या हाती जात असल्याचे त्यातून उघड झाले. १८६८ च्या कायद्याने नवे नियामक मंडळ आले आणि लॅटिन-ग्रीकच्या जोडीला गणित, विज्ञान व आधुनिक भाषा यांना अभ्यासक्रमात हक्काचे स्थान मिळत गेले.

ईटनची स्वतःची एक बोली आहे आणि नव्या मुलाला ती पहिल्या काही आठवड्यांतच आत्मसात करावी लागते. शिक्षक म्हणजे ‘बीक’, तासिका म्हणजे ‘डिव्ह’. सत्राला ‘हाफ’, म्हणजे अर्धे, म्हणतात. वर्षात मात्र अशी तीन ‘अर्धी’ असतात, कारण पूर्वी सत्रे दोन होती आणि तिसरे आले तरी शब्द बदलला नाही. हजेरीला ‘ॲब्सेन्स’, म्हणजे गैरहजेरी, असे नाव आहे. नौकानयन करणारा तो ‘वेट बॉब’ आणि क्रिकेट खेळणारा ‘ड्राय बॉब’. उत्तम निबंध वा प्रयोग संग्रही ठेवण्यासाठी वर पाठवला जातो, तर अगदी टाकाऊ काम वरून थोडेसे फाडून परत दिले जाते आणि मुलाला ते फाटके पान आपल्या हाउसमास्तरांना दाखवून सही घ्यावी लागते.

गणवेशात काळा टेलकोट, वेस्टकोट, ताठ पांढरी कॉलर आणि बारीक रेघांची विजार असते. १८२० मध्ये तिसरा जॉर्ज वारला, त्याच्या सुतकात मुलांनी काळे कपडे घातले आणि ते तसेच राहिले, अशी कथा सांगतात. ती ऐकायला गोड असली तरी टिकत नाही, कारण हा पोशाख त्यानंतर काही दशकांनी, तेव्हाच्या सद्‌गृहस्थांच्या नित्याच्या कपड्यांवरून रूढ झाला. उंच हॅट दुसऱ्या महायुद्धात गेली. ‘पॉप’ या विद्यार्थिमंडळाच्या सभासदांना मात्र हवा तसा रंगीबेरंगी वेस्टकोट घालण्याचा मान आहे. १८११ मध्ये वादविवादासाठी निघालेल्या या मंडळाने पुढे शिस्त राखण्याचे अधिकार मिळवले. आपले सभासद ते दीर्घकाळ स्वतःच निवडत असे. सत्तेची पहिली चव अनेक भावी मंत्र्यांनी येथेच घेतली.

बंद पडलेल्या परंपरांत ‘माँटेम’ ही सर्वांत विलक्षण होती. दर तीन वर्षांनी सगळी शाळा वेश करून, मिरवणुकीने स्लाउजवळच्या ‘सॉल्ट हिल’ या टेकाडावर जाई. वाटेत भेटेल त्या प्रवाशाकडून, मग तो खुद्द राजा का असेना, मुले ‘मीठ’ मागत. म्हणजे पैसे घेत आणि बदल्यात एक चिठ्ठी देत. हा निधी किंग्ज कॉलेजात जाणाऱ्या प्रमुख स्कॉलरच्या उपयोगी पडे. रेल्वे आल्यावर लंडनहून बघ्यांचे लोंढे येऊ लागले, गोंधळ वाढला आणि १८४७ मध्ये मुख्याध्यापक एडवर्ड हॉट्री यांनी ती प्रथा बंद केली. गरीब विद्यार्थ्याच्या पुढच्या शिक्षणासाठी सगळ्या शाळेने रस्त्यावर उभे राहून पैसे मागणे हे मूळ सनदेशी अतिशय सुसंगत होते, आणि ती प्रथा गेल्यावर तसे दुसरे काही तिच्या जागी आले नाही.

टिकलेल्या सणांत ‘चार जून’ हा मुख्य. हा तिसऱ्या जॉर्जचा जन्मदिवस. मात्र आता हा सोहळा क्वचितच त्या तारखेला होतो. पालक येतात, भाषणे होतात आणि संध्याकाळी थेम्समध्ये नौकांची मिरवणूक निघते. हॅटवर फुले माळलेले नाविक एकामागून एक नावेत उभे राहतात, हॅट उंचावून अभिवादन करतात आणि फुले पाण्यात झटकतात. अरुंद, डुगडुगती नाव तेवढा वेळ सावरणे हीच त्यातली कसोटी असते.

‘वॉल गेम’ हा खेळ तर ईटनबाहेर कोठेच खेळला जात नाही. १७१७ मध्ये बांधलेल्या विटांच्या एका भिंतीला लागून सुमारे ५ मी. रुंद व ११० मी. लांब अशी चिखलाची पट्टी आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचे दहा-दहा खेळाडू भिंतीला घासत, एकमेकांवर रेटत, चेंडू इंचाइंचाने पुढे नेतात. एका टोकाला बागेचे दार आणि दुसऱ्या टोकाला झाड, हे गोल. सेंट अँड्र्यूच्या दिवसाच्या, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सुमारास कॉलेजर (म्हणजे किंग्ज स्कॉलर) विरुद्ध ऑपिडन असा मुख्य सामना होतो आणि या सामन्यातील शेवटचा गोल १९०९ मध्ये झाला. सत्तर जणांतून निवडलेला संघ बाराशेंच्या संघासमोर बरोबरीने उभा राहतो, कारण स्कॉलर मुले या खेळाचा सराव लहानपणापासून अधिक करतात. ‘ईटन फाइव्ह्ज’ हा हाताने चेंडू मारण्याचा खेळ मात्र जगात पसरला. चॅपेलच्या दोन धिऱ्यांमधल्या कोपऱ्यात, जिन्याच्या कठड्याशी मुले चेंडू मारत. आज कोठेही या खेळाचे मैदान बांधताना तो धिरा आणि ती पायरी जशीच्या तशी उतरवतात.

‘वॉटर्लूची लढाई ईटनच्या मैदानांवर जिंकली गेली’ हे वाक्य ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावर खपते, परंतु तो असे म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. १७८० च्या दशकात तो येथे होता, तेव्हा शाळेत संघटित खेळ नव्हतेच, आणि तो स्वतः एकलकोंडा, अभ्यासात बेताचा विद्यार्थी होता. महाराष्ट्राला तो आर्थर वेल्स्ली म्हणून माहीत आहे. १८०३ च्या सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरात अडगावला मराठ्यांचा पराभव करणारा सेनानी तोच, आणि त्या युद्धाची आखणी करणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेल्स्ली हा त्याचा थोरला भाऊही ईटनचाच. रिचर्डचे दफन शाळेच्या चॅपेलमध्ये झाले आहे. कॉर्नवॉलिस, कॅनिंग, कर्झन हे हिंदुस्थानचे राज्यकर्ते आणि मुंबईचे गव्हर्नर (१८९०–९५) व इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार लॉर्ड हॅरिस हेही याच शाळेचे. मराठेशाहीचा अंत जवळ आणणारे निर्णय ज्यांनी घेतले, त्यांतले दोघे एकाच शाळेत घडले होते, हे मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे. देहरादूनच्या डून स्कूलचे पहिले मुख्याध्यापक (१९३५) आर्थर फूट हे ईटनमध्ये विज्ञान शिकवत असत.

पहिल्या महायुद्धात ईटनचे ५,६०० हून अधिक माजी विद्यार्थी लढले आणि त्यांतील १,१५७ मृत्युमुखी पडले. त्यांची नावे शाळेच्या भिंतींवर कोरलेली आहेत. युद्धानंतरच्या पिढीत शाळेकडे टीकेच्या नजरेने पाहणारे विद्यार्थी तेथूनच निघाले. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल हे १९१७ ते १९२१ या काळात किंग्ज स्कॉलर होते. त्यांच्या आधीचे स्कॉलर, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना तेथे बराच छळ सोसावा लागला. पुढे ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. जॉन गर्डन यांना १९४९ मध्ये ईटनच्या शिक्षकाने, वैज्ञानिक होण्याची त्यांची इच्छा हास्यास्पद आहे, असा शेरा दिला होता. २०१२ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लहान मुलांनी मोठ्यांसाठी चहा करणे, निरोप पोचवणे ही ‘फॅगिंग’ची प्रथा १९८० मध्ये संपली आणि छडीही त्याच दशकात गेली. १९६० च्या दशकात येथे शिकलेले नायजेरियन लेखक डिलिबे ओन्येआमा यांनी आपल्याला सोसावा लागलेला वर्णद्वेष लिहून काढला, तेव्हा शाळेने त्यांना आवारात येण्यास मनाई केली. २०२० मध्ये मुख्याध्यापकांनी त्याबद्दल माफी मागण्याची तयारी जाहीर केली. आज फी वर्षाला पन्नास हजार पौंडांहून अधिक आहे आणि जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागू झाला आहे. फीमाफी मिळणाऱ्या मुलांची संख्या शाळा वाढवत आहे आणि सरकारी शाळांतील मुलांना शेवटच्या दोन वर्षांसाठी ऑर्वेल यांच्या नावाने पूर्ण शिष्यवृत्ती दिली जाते.

सहाव्या हेन्रीचा २१ मे १४७१ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये बंदिवासात खून झाला. दर वर्षी त्या दिवशी तेथे ईटनतर्फे लिली आणि किंग्ज कॉलेजतर्फे गुलाब वाहिले जातात. शाळेच्या चिन्हातील तीन लिली त्याच्याच सनदेतल्या आहेत.