रणातला एक दिवस: सेवासहलीला येणाऱ्यांसाठी माहिती

कच्छच्या छोट्या रणाकाठच्या खाराघोड्याच्या सेवासहलीत चार दिवस अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिकवायचे, शाळेची रंगरंगोटी करायची आणि पाचवा दिवस रण पाहायचे, असा बेत आहे. कामाच्या दिवसांचे पत्रक तुम्हाला दिलेले आहेच. हे पत्रक पाचव्या दिवसाचे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात चौकशीला येणारे बरेच जण जैसलमेरचे फोटो डोळ्यांपुढे ठेवून येतात: वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट. कच्छच्या छोट्या रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. ही एके काळची समुद्राची खाडी, गाळाने भरत गेलेली. पावसाळ्यात बनास, रूपेण या नद्यांचे पाणी आणि आखाताकडून येणारे भरतीचे पाणी इथे पसरते. दिवाळीनंतर ते आटत जाते आणि खाली उरते भेगाळलेली, सपाट, खारी जमीन. झाड नाही, दगड नाही, विजेचा खांबही नाही. अशा जागी उभे राहिल्यावर आपण किती लहान आहोत ते पायांना आधी कळते. आमच्या मते ही सहल करण्याचे तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

पहाटे साडेपाचला उठायचे. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा चांगलीच थंडी असते आणि जीप उघडी असते, म्हणून स्वेटर, कानटोपी हवीच. उजाडता उजाडता घुडखर, म्हणजे रानगाढवांचे कळप दिसू लागतात: बदामी अंग, पोट पांढरे, पाठीवरून गेलेला गडद पट्टा. जगात ही जात आता मुख्यतः इथेच उरली आहे. 1967 च्या मोजणीत ती जेमतेम 362 भरली होती. 2024 मध्ये गुजरातेत 7,672 मोजली गेली. घुडखर ताशी 60-70 किलोमीटरने पळू शकतो, आणि म्हणूनच काही गाडीवाले त्याला पळवत नेतात. आमचा चालक तसे करणार नाही, त्याला आग्रह करू नका. जीप थांबवून इंजिन बंद केले की कळप आपल्या चालीने चरतो आणि बराच वेळ पाहता येतो. पाणी शिल्लक असलेल्या डबक्यांवर रोहित पक्षी आणि करकोचेही असतात.

नंतर मिठाच्या पाट्यांवर, म्हणजे मीठ पिकवायच्या उथळ वाफ्यांवर. आपल्या ‘मिठागर’मधला आगर आणि यांच्या ‘अगरिया’मधला अगर एकच. ही कुटुंबे पावसाळा संपला की रणात राहायला येतात. जमिनीखालचे खारे पाणी पंपाने उपसून पाट्यांत सोडतात आणि एप्रिलपर्यंत ते ऊन-वाऱ्यावर आटवून जाड खड्यांचे मीठ काढतात. पूर्वी डिझेलचे पंप होते, मिळकतीचा मोठा वाटा त्या डिझेलमध्येच जाई. आता पुष्कळ ठिकाणी सौरपंप आले आहेत. तयार होत असलेल्या पाट्यात पाय घालू नका, तळाला धरलेले खडे मोडतात. पिण्याचे पाणी त्यांच्याकडे टँकरने येते, म्हणून आपले पाणी आपणच न्यायचे, माणशी तीन लिटर. फोटो विचारून काढा. मुलांना पैसे किंवा चॉकलेटे वाटू नका. चार दिवस तुम्ही त्यांचे ताई-दादा होतात, पाचव्या दिवशीही तेच राहा.

दुपारी बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, गूळ आणि ताक. जेवणानंतर एक-दीड तास सावलीला बसायचे. समोर मृगजळ दिसते. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेत प्रकाश वाकतो आणि खालच्या बाजूला आकाशाचा तुकडा दिसतो. तेच ते पाणी. डोळ्यांना हे पटत नाही, पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते.

चारनंतर पाच किलोमीटर चालणे. याला आम्ही साहस म्हणतो आणि ते गमतीने म्हणत नाही. सगळीकडे एकसारखेच दिसते, मोबाइलला रेंज नसते, आणि अर्ध्या तासात दिशा चुकू शकते. वाटाड्या पुढे, आमचा माणूस शेवटी. मधल्या कोणीही रांग सोडायची नाही. मागे पडलात तर शोधत फिरू नका, आहात तिथेच बसा, आम्ही मागे येतो. जमिनीचा वरचा पापुद्रा कोरडा दिसला तरी खाली चिखल असू शकतो. एका वर्षी आमचीच जीप चाकोरी सोडून दहा पावले बाहेर गेली आणि तीन तास रुतून बसली. तेव्हापासून आम्ही स्थानिक चालकाशिवाय रणात जात नाही, आणि आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला असेल तर जीपफेरी रद्द करतो. त्याचे पैसे परत मिळतील.

सूर्य मावळला की अर्धा तास दिवे बंद. पूर्वेला कृत्तिकांच्या मागून मृग वर येताना दिसतो. बडोद्यातल्या गच्चीवरून इतके तारे दिसत नाहीत.

जीप, वनखात्याचा परवाना, वाटाड्या आणि जेवण हे सारे सहलीच्या रकमेत धरले आहे. ओळखपत्र मूळ हवे, परवान्यासाठी लागते. बंद बूट, टोपी, गॉगल आणि ओठांना लावायला व्हॅसलीन घ्या, खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटतात. दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. अशांसाठी चालण्याऐवजी ट्रॅक्टरची सोय करतो, पण ती आठवडाभर आधी ठरवावी लागते.