कुमारांच्या कपाटात मोठ्यांच्या कादंबऱ्या

मराठीत वयात येण्याच्या कादंबऱ्यांचा दुष्काळ नाही. अडचण अशी, की त्यातल्या बहुतेक चांगल्या कादंबऱ्या मोठ्या वाचकांसाठी लिहिल्या गेल्या. सार्वजनिक ग्रंथालयात तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी वेगळं कपाट लावायला घेतलं की हे लगेच लक्षात येतं. बालविभाग साधारण सातवी-आठवीपर्यंत पुरतो, त्यापुढची पुस्तकं थेट कादंबरी विभागात. मधे काही नाही.

या मधल्या रिकाम्या जागेचं मूळ शिक्षकी परंपरेत आहे. आपलं मुलांचं वाङ्मय वाढलं ते वासुदेव गोविंद आपट्यांच्या 'आनंद'सारख्या (1906) मासिकांच्या आणि शाळांच्या आधाराने. मुलांच्या हाती काय द्यावं हे गुरुजींनी ठरवायचं, आणि ते संस्कारक्षम असायचं. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' हा या परंपरेचा कळस. तिची रचना पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना नावंही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीच आहेत. लहान श्याम चुकतो, खोटं बोलतो, हट्ट करतो. पण त्या चुकीचा निवाडा सांगणाऱ्या श्यामने आधीच करून ठेवलेला असतो. वाचणाऱ्या मुलाला स्वतः ठरवायला फारसं उरत नाही. पुस्तकाची थोरवी त्याने कमी होत नाही, पण पुढची कित्येक वर्षं कुमारांच्या पुस्तकांची निवड याच मापाने होत राहिली.

भा. रा. भागवतांनी हे वळण मोडलं. फुरसुंगीचा बनेश फेणे कुणाचं ऐकून घेत नाही, 'ट्टॉक' करतो आणि सायकलवर टांग टाकून निघतो. मात्र फास्टर फेणे मोठा होत नाही. पुस्तकामागून पुस्तक आलं तरी तो शाळकरीच, आणि त्याला मिसरूड फुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. साहसकथेला ते चालतं, पण चौदाव्या वर्षी अंगात आणि मनात जी उलथापालथ होते तिला तिथे जागा नाही. 1971 मध्ये बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केलं. चित्रं, लेखक, छपाई सगळं दर्जेदार. मात्र पाठ्यपुस्तक मंडळाच्या मासिकात प्रेमात पडलेला नववीतला मुलगा येणं अवघडच होतं.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावरून गेली. तिथे पुढाकार ग्रंथपालांचा होता. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने 1929 पासून या वयासाठी पुस्तकांची यादी काढायला सुरुवात केली, आणि बाल्टिमोरमध्ये मार्गारेट एडवर्ड्स यांनी मोठ्यांच्या कादंबऱ्यांतूनच निवडून मुलांपुढे ठेवल्या. प्रकाशकांचं लक्ष तिकडे पुरेसं वळलं ते नंतर. एस. ई. हिंटन या तरुणीने शाळेत असताना लिहायला घेतलेली कादंबरी 1967 मध्ये आली आणि हे दालनच बदलून गेलं.

योगायोगाने त्याच 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम झाला. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान आलं. ग्रंथालय कर मात्र आपण लावला नाही, त्यामुळे खरेदीचा हात आखडताच राहिला. पुस्तकं येतात ती शासनमान्य यादीतून, किंवा 1972 मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या मदतीतून. गावातल्या ग्रंथपालाला कुमारांसाठी काही वेगळं घ्यायचं तर पैसा आणि यादी दोन्हींशी झगडावं लागतं. तेव्हा सोपा मार्ग एकच: कादंबरी विभागात आधीच असलेलं उचलून इकडे आणायचं.

आणि उचलण्यासारखं पुष्कळ आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) बारावीच्या मुलाला द्यावी, त्याआधी नको. पांडुरंगाचा तुटलेपणा कळायला घरापासून थोडं लांब राहिलेलं बरं. आनंद यादवांच्या 'झोंबी'ला (1987) मात्र वयाची अट नको. कागलच्या मळ्यात राबणारा आंद्या शाळेसाठी बापाशी झगडतो, आणि हे ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना आजही परकं वाटणार नाही. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' (1994) तांत्रिकदृष्ट्या कथासंग्रह आहे, तरी लंपनशिवाय हे कपाट लावू नये. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपल्याला काय वाटतं ते 'मॅडसारखं' म्हणून सांगतो, आणि शहाणपण शिकवणारा कुणी मधे येत नाही.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ची (2004) गोष्ट निराळी. आणीबाणीतला नववीचा वर्ग, अर्धवट बांधकामात बसून गप्पा छाटणारी चार पोरं, आणि मुकुंद जोशीला आवडणारी शिरोडकर. ही मुलं 'लाइन' देण्याबद्दल बोलतात आणि शिव्याही देतात. पालकांची तक्रार येते ती बहुधा याच पुस्तकावर. माझ्या मते कपाटात एकच प्रत ठेवायची झाली तर ती हीच असावी. तक्रारीच्या भीतीने ती मोठ्यांकडे ठेवली तरी मुलं शोधून नेतातच.

वरची यादी मात्र पुन्हा वाचली तर सगळे मुलगेच. विशेष म्हणजे सुरुवात अशी नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधून क्रमशः लिहिलेली 'पण लक्षांत कोण घेतो' ही यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे, दादाबरोबरच्या भांडणांपासून वैधव्यापर्यंत. शब्द जुने आहेत, पण वाक्यं घरात बोलावं तशी आहेत. सोवळंओवळं, केशवपन यांवर चार टिपा चिकटवल्या तर दहावीच्या मुलीला ती जड जाणार नाही. तिच्यानंतर मुलीच्या वयात येण्यावर इतक्या ऐसपैस आणि तिच्याच तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्या मराठीत हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, आणि खरेदीचे पैसे पहिल्यांदा कुठे घालावेत हे ग्रंथपालाला त्यावरूनच कळतं.