गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघत नाही

कर्नाटकातल्या बळ्ळारी-संडूरच्या लोहखाणींजवळ राहून आलेल्या माणसाला सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो गुळाचा: ‘रोज खडा खा, छाती साफ होते.’ गिरण्यांच्या काळापासूनची ही समजूत.

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. धूळ बसते फुफ्फुसात. फार तर घसा ओला होतो. गुळाने फुफ्फुसातले कण हलतात असं सांगणाऱ्या १९९४ च्या प्रयोगाचा दाखला देतात, पण तो उंदरांवरचा होता. संडूरच्या खनिजासोबत क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकाच्या दगडाचे, थर असतात. त्यांची चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक, डोळ्यांना न दिसणारी धूळ थेट वायुकोशांत उतरते, तिथे व्रण धरतो आणि तो भरून येत नाही. हाच सिलिकोसिस.

रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो; दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. खाणीतले कपडे घरात झटकू नका, आधी पाण्यात बुडवा. कोरडा झाडू नको, ओलं पोतेरं फिरवा.

खोकला टिकला तर एक्स-रे काढताना कुठे, किती वर्षं राहिलात किंवा काम केलंत ते डॉक्टरांना सांगाच. सिलिकोसिस टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिसवाल्याला टीबीचा धोकाही जास्त. म्हणून थुंकी तपासायचीच. मधुमेह असेल तर गूळ आवराच.